दहा नंबरची खुर्ची

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेतोच! नाट्यगृहाच्या ऑफिसातले सहाच्या सहा कॉम्प्युटर एका शुक्रवारात ओपन सोर्सवर आणणारा व्यवस्थापक तुम्ही पाहिलाय? नसेल, तर हा बघा.

"पण साहेब, ओपन सोर्स म्हणजे काय?" बुकिंगच्या खिडकीवरच्या तिकीटकाकांनी विचारलं.

"कुणा एकाची मालकी नाही, लायसन्स नाही! जगभरच्या माणसांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर, काका. कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं..." बोलता बोलता माझी नजर खिडकीबाहेर गेली. कुठल्या कुठल्या गावांतली अनोळखी माणसं आपापल्या टेबलाशी बसून माझ्यासाठी काही तरी विणताना दिसू लागली. प्रत्येकाच्या खांद्यावर ऊन होतं. कुणाला कसली घाई नव्हती.

"साहेब, चहा थंड झाला," काका म्हणाले.

हा माझा जुना दोष. तंद्री लागते! ऑफिसात खपून जातं, पण बायकोच्या रियाजातही लागते. तिने तानपुरा जुळवला की मी सोफ्यावर डोळे मिटतो ते थेट जेवायच्या हाकेलाच उघडतो. आणि शनिवारी आमच्याच नाट्यगृहाच्या वर्धापनदिनाला ती पंधरा वर्षांनी स्टेजवर गाणार होती.

"अहो, मी चष्मा काढून बसणार," तिने बजावलं होतं. "पांढरा शर्ट घालून समोर मधोमध बसा. तुमच्याकडे बघूनच गाईन, नाहीतर माझा घसा कोरडा पडेल. आणि झोपलात ना, तर अर्ध्यातून उठून जाईन!"

"पहिली रांग, दहा नंबर. शब्द दिला!" मी म्हणालो. या बाईने पंधरा वर्षं स्वयंपाकघरात गाणं जपलं होतं. ते माझ्या एका डुलकीने मोडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

आता बैठकीचा तक्ता. तो काकांनी वीस वर्षांपूर्वी केलेला. वर चौकटींत खुर्च्यांचे नंबर, खाली पाहुण्यांची नावं. नाव नंबराखाली आणायचं तर काका स्पेसबार दाबत बसायचे. एका नावाला चाळीस वेळा! नव्या सॉफ्टवेअरकडे काकांचा जुना फॉन्ट नव्हता. त्याने आपल्या आवडीचा लावला, मोकळ्या जागा आकसल्या आणि नंबर जागच्या जागी राहून नावं तेवढी डावीकडे घसरली. हे आज कळतंय. तेव्हा मी कागद हातात घेऊन म्हणालो, "वा! किती सुटसुटीत दिसतंय!"

वर दारावरच्या माणसाला दम भरला, "कागद म्हणेल तीच खुर्ची. कुणाचंही ऐकायचं नाही. माझंसुद्धा!"

शनिवारी संध्याकाळी मी पांढऱ्या शर्टात रुबाबात पोचलो. आत दंगा! तीन नंबरच्या खुर्चीवर दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या सासूबाई, दोघांचाही हक्क. उजवीकडे सहा खुर्च्या ओस.

"साहेब, तुम्ही चार नंबर," दारावरचा माणूस म्हणाला.

"अरे, मी दहा!"

"कागदावर चार आहे. तुमचं ऐकायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

चार नंबरसमोर कपाटाएवढा स्पीकर होता. मी धावत दहा नंबरपाशी गेलो. तिथे कोण असावं? जुन्या सॉफ्टवेअर कंपनीचा विक्रेता, आमचा दरवर्षीचा पाहुणा! ज्याला मी कालच कायमचा नारळ दिला होता तोच, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"जरा उठता का? ही जागा माझी आहे."

"नाव माझं आहे, साहेब," तो खिन्न हसला. "कागद तुमच्याच ऑफिसचा."

दिवे मंदावले. मी स्पीकरमागे जाऊन बसलो. पडदा सरकल्याचा आवाज आला, तानपुरा आला, मग ती शांतता. संपलं, मला वाटलं. आता ती समोर बघेल आणि उठून जाईल.

पण सूर लागला! इतका अलगद, की मला आमचं स्वयंपाकघर दिसू लागलं. खिडकीतली वाफ, ओट्यावर टेकलेली ती, आणि दाराशी पंधरा वर्षं उभा राहून कधीच न ऐकलेला मी. डोळे भरून आले. आणि मग, काय सांगू, मिटले. टाळ्यांनी जाग आली.

अपराधी चेहऱ्याने मी पडद्यामागे गेलो. ती धावतच समोर आली.

"अहो, किती मन लावून ऐकत होतात! एकदाही मान कलली नाही. आणि शेवटी रुमालाने डोळे पुसलेत ना? मला दिसलं सगळं!"

मी दाराकडे पाहिलं. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक गमावलेला विक्रेता अजूनही डोळे पुसत बाहेर पडत होता.

"मग! शब्द दिला होता ना," मी म्हणालो.

सोमवारी तिकीटकाका खुशीत आले. "साहेब, चूक सापडली! पाच मिनिटांत सगळी नावं जागेवर आणतो."

"आणा. फक्त पहिल्या रांगेतली दोन तशीच राहू द्या. पुढच्या महिन्यात ती पुन्हा गाणार आहे," मी म्हणालो. "आणि काका, त्या विक्रेत्याला आमंत्रण आजच पाठवा. पांढरा शर्ट घालून या म्हणावं."