बागेवरील स्वारीची हकीकत, डब्यांसुद्धा

प्रथम गणरायास नमन, मग कुलदेवतेस, आणि मग त्या स्वयंपाकघरास, ज्याचे जोरावर हे राज्य उभे आहे आणि ज्याचे मीठ सेवकाने खाल्ले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, संवत्सराचे नाव क्रोधी, मास माघ, वार रविवार, ते दिवशी एका राज्याने ऐतिहासिक बागेवर स्वारी केली, तिची हकीकत जशी घडली तशी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि त्या मजल्यास चार दारे आहेत, आणि चारी दारांस वाटेल की हे आपणांवरच लिहिले, आणि चौघांचेही खरेच असेल. सेवक पाचव्या मजल्यावर एकटा राहतो, आणि भाड्याच्या गाडीत एक जागा उरली म्हणोन त्यास सोबत घेतले, एवढाच त्याचा या कारभाराशी संबंध.

राज्याचे धनी श्रीमंत मुकुंदराव सरकार. स्वभाव उदार, बोलणे गोड, पाण्याचा पेला स्वतः उठून घेतल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही. त्यांच्या राणी सौभाग्यवती हेमलताबाईसाहेब. या बाईंनी आजवर राज्याच्या सर्व मोहिमा केल्या आणि एकही पाहिली नाही, ती गोष्ट ऐसी. पूर्वी राज्याने समुद्र पाहिला, तेव्हा सर्व मंडळी पाण्यात शिरली आणि बाईसाहेब वाळूवर घड्याळे, मोबाईल आणि चष्मे राखीत बसल्या. मग देवस्थान पाहिले, तेव्हा त्यांनी चपला राखिल्या आणि दुरून कळसास हात जोडिले. मग किल्ला पाहिला, तेव्हा सरकारांच्या मातोश्रींचे गुडघे चढेनात म्हणोन पायथ्याशी मातोश्रींस राखिले. आणि प्रत्येक खेपेस परत येता सरकार पुसत, काय, मजा आली की नाही, आणि बाईसाहेब हो म्हणत, आणि मग सर्वांचे ओले टॉवेल वाळत घालीत.

ऐसे चालत असता माघ मासी पेपराच्या पुरवणीत त्या बागेचे चित्र छापोन आले. बाग पूर्वीच्या कोणा राजाने डोंगराच्या उतारावर पायरीपायरीने रचिली आहे, आणि वरच्या तळ्याचे पाणी दगडी पाटांतून खेळत खाली येते आणि कारंजी विजेवाचून नुसत्या उतारानेच उडतात, आणि थंडीत गुलाबांचे ताटवे फुलतात, ऐसे वर्णन होते. बाईसाहेबांनी ती पुरवणी सरकारांच्या चहापाशी ठेविली आणि बोलिल्या, "अहो, या खेपेला मला बघायचंय. काही सांभाळत बसायचं नाहीये." हे ऐकोन सरकार क्षणभर बिस्किट बुडवावयाचे विसरले. मग त्यांस फार भरून आले आणि त्यांनी मातोश्रींसमक्ष वचन दिले की, "अगं, म्हणजे काय! ही सहल तुझ्याचसाठी." सेवक तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागावयास गेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिले, बाई ओट्यापाशी उभ्या राहून एकट्याच हसत होत्या.

मग सरकारांनी कुटुंबाच्या ग्रुपवर फर्मान सोडिले आणि मसलत भरविली. मसलतीस सरकारांच्या भगिनी कुमुदिनीबाई आल्या आणि त्यांचे यजमान जगदीशपंत आले. हे राज्याचे जावई, तेव्हा मान मोठा आणि पित्त त्याहून मोठे. पंतांनी बसताच सांगितले की बाहेरचे खाल्ले की आपणांस दोन दिवस भोगावे लागते. मातोश्री बोलिल्या की आपण घरचेच खातो, तेही कांदा-लसणावाचून. राजकन्या मृण्मयी, ज्या कॉलेजात शिकतात, त्यांस तेलकट चालेना, त्यांस मोड आलेले मूग नुसते वाफवून हवे. कुमुदिनीबाई बोलिल्या, वहिनींच्या पुऱ्यांची सर कोणास नाही, आणि हे स्तुती म्हणोन बोलिल्या आणि मागणीही त्यातच उरकिली. सरकार बोलिले, मसालेभात असला म्हणजे आणखी काही नको, फक्त सोबत ठेचा असावा. आणि मग सरकारांनी राणीसाहेबांकडे वळोन अत्यंत प्रेमाने म्हटले, "उगाच पसारा घालू नकोस हं, साधंच कर काहीतरी." अहो, या एका शब्दाने जेवढे पीठ मळिले गेले तेवढे लढाईत घोड्यांस दाणे लागत नाहीत!

बाईसाहेबांनी एवढेच सुचविले की चित्राखाली बारीक अक्षरांत छापिले आहे, खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई. त्यावर दरबारात हशा पिकला. सरकार बोलिले, असे लिहितात, लिहावे लागते, पाळतो कोण. पंत बोलिले, त्या खात्यात आपली ओळख आहे, एक फोन केला की दार उघडते. मसलत मोडली आणि बागेविषयी त्यात एक अक्षरही निघाले नाही, हे सेवकाच्या ध्यानात आले, परंतु सेवकास कोणी पुसले नाही.

मग रविवारी पहाटेपासून तिसऱ्या मजल्यावर पुऱ्यांचा वास सुटला आणि पाचव्यापर्यंत आला. मसालेभात झाला, दहीभात झाला, पंतांसाठी बिनतिखटाची भाजी, मातोश्रींसाठी कांद्यावाचून निराळी, मूग, ठेचा, गुळाच्या पोळ्या, आणि वाटेत कोणास काही चघळावेसे वाटेल म्हणोन चिवडा. मग फौज उठली, आंघोळी करोन, अत्तर लावोन गाडीत बसली. सरकारांनी स्वतः गाडी हाकिली. पंतांस मळमळते म्हणोन ते पुढे बसले, मातोश्री, कुमुदिनीबाई आणि राजकन्या मध्ये, आणि सर्वांत मागे सेवक आणि बाईसाहेब आणि रसद. बाईंच्या मांडीवर दहीभात, पायांशी मसालेभात, ऐसे असता त्या खिडकीतून डोंगर दिसतो का म्हणोन वाकवाकोन पाहात होत्या आणि सेवकास बोलिल्या, "पाणी खालून वर उडतं म्हणे, भाऊजी. मोटर नाही, काही नाही." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की सेवकाने चिवडा मागणे लांबणीवर टाकिले.

बागेच्या दरवाजाशी पोचले. तिकिटे काढिली. दरवाजावर खाकी साडीतली एक बाई चौकी राखीत होती, तिने पिशव्यांकडे पाहिले आणि सांगितले, डबे आत जाणार नाहीत. सरकारांनी आपला हुद्दा सांगितला. ती म्हणाली, असेल. मग पंतांनी मोठ्या रुबाबाने ओळखीस फोन लाविला, तो ओळखीने उचलिला नाही, पुन्हा लाविला, तेव्हा कोणी लहान मूल बोलिले की आजोबा झोपलेत, ते रिटायर झालेत. पंतांचे तोंड एवढेसे झाले. डबे गाडीत ठेवावे तर गाडी भर उन्हात, दहीभात आंबणार. झाडाखाली ठेवावे तर झाडावर माकडे, आणि ती माकडे केव्हापासून पुऱ्यांकडे टक लावोन बसलेली. तेव्हा कोणा माणसाने बसणे प्राप्त आले.

तेव्हा पंतांनी आपल्या हातची पिशवी बाईसाहेबांच्या पायांशी ठेविली, आणि मग कुमुदिनीबाईंनी ठेविली, आणि मग राजकन्येनेही ठेविली, ऐसा बाईसाहेबांभोवती तट उभा राहिला. सेवकाच्या हाती थर्मास होता, त्यानेही ठेविला, खोटे का लिहावे. मग सरकार बोलिले, "अगं, तू बस जरा इथे सावलीत. आम्ही पटकन एक चक्कर मारून येतो, मग तू जा निवांत." मातोश्री बोलिल्या, तिला सवय आहे. कुमुदिनीबाई बोलिल्या, वहिनींना गर्दी आवडतच नाही. बाईसाहेबांस काय आवडते हे सर्वांस पाठ होते, बाईंनी मात्र ते त्या दिवशी प्रथमच ऐकिले.

बाईसाहेबांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, माझे तिकीट द्या. सरकारांस वाटले की सांभाळावयास मागते, म्हणोन दिले. तेव्हा त्या पिशव्यांचा तट ओलांडोन दरवाजाकडे चालू लागल्या. घाई नाही, राग नाही. सरकारांस प्रथम समजेना, मग समजले, आणि तोंडून निघाले ते शब्द ऐसे, "अगं, पण वाढणार कोण?" बाईसाहेबांनी तिकीट फाडून घेतले आणि वळोन बोलिल्या, "साधंच आहे सगळं. घ्या वाढून." आणि आत गेल्या. चौकीवरची बाई त्यांस पिण्याचे पाणी कोठे आहे ते दाखवू लागली.

मग जो गोंधळ उडाला तो काय वर्णावा. आधी ठरले की दोघे बसावे आणि बाकीच्यांनी आत जावे, परंतु ते दोघे कोण यावर एकमत होईना. मग पंतांचे पित्त खवळले, त्यांनी तत्काळ खावे ऐसे निघाले, आणि एकाने उघडिले म्हणजे सर्वांनी उघडिले. चटई अंथरली. कांद्याचे कोणते आणि बिनकांद्याचे कोणते कोणास कळेना, मातोश्रींनी चुकीची भाजी खाल्ली आणि आवडली म्हणोन गप्प राहिल्या. चमचे सापडेनात. सरकारांनी राणीसाहेबांस फोन लाविला, तो शेजारच्या पिशवीतच वाजू लागला. मग मंडळी हातांनी जेवली, आणि जेवण ऐसे उतरले की जेवल्यावर कोणाच्याने उठवेना. पंत गाडीत लवंडले, सरकार चटईवर घोरू लागले, मातोश्रींस ऊन लागेल म्हणोन कुमुदिनीबाई राहिल्या, राजकन्या मोबाईलात शिरल्या. माकडांनी उरल्या पुऱ्या नेल्या.

बागेत काय जाहले हे सेवकास ठाऊक नाही, कारण सेवक मसालेभातापाशी होता. एकदा मात्र कुंपणाच्या जाळीतून पाहिले तो वरल्या पायरीवर जांभळी साडी दिसली. बाईंनी चपला काढोन हाती धरिल्या होत्या आणि त्या दगडी पाटातून पाण्याबरोबर खाली खाली येत होत्या, आणि कारंज्यापाशी येवोन बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. सेवकाचा घास हातातच राहिला, हे लिहिण्यास लाज नाही.

बाग बंद होण्याची शिटी झाली तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या. केस ओले, पदर ओला. इकडे कुमुदिनीबाईंनी दरवाजाबाहेर सर्वांस उभे करोन फोटो काढिला होता आणि ग्रुपवर "सहकुटुंब बागेत धमाल" ऐसे लिहोन सोडिलाही होता. त्यात बाईसाहेब नव्हत्या, कारण त्या बागेत होत्या. सरकारांनी भीतभीत पुसले की आत काय काय आहे. बाईसाहेब सांगू लागल्या आणि गाडीत बसल्यावरही सांगत राहिल्या, पाणी कसे येते, कोणत्या दगडाशी फुटते, पिवळा गुलाब कोठवर चढला आहे, आणि पंतांनी मध्येच घरी जावोन पिठले मिळेल काय ऐसे विचारिले, ते त्यांस ऐकूच आले नाही.

घरी पोचले. सरकारांनी खरकटे डबे नित्याप्रमाणे ओट्यावर आणोन ठेविले आणि सोफ्यावर बसले आणि पंखा लाविला. बाईसाहेब त्या ढिगावरून नजर फिरवून आपल्या खोलीकडे निघाल्या. सरकार बोलिले, "अगं, डबे..." त्या दारातून बोलिल्या, "मी दमलेय हो. सहलीला गेले होते ना." आणि दार लोटोन घेतले.

एवंच, बाग उत्तम आहे, कारंजी विजेवाचून उडतात, स्वारी यशस्वी जाहली. त्या रात्री डबे कोणी घासिले हे लिहू नये ऐसी सरकारांची सेवकास सक्त ताकीद आहे, म्हणोन लिहिले नाही.