खाट आत घ्या

आमच्या मुलुंडचे डॉक्टर खोपकर कुणाच्याही घरात शिरले की आधी नातेवाइकांना हाकलत. नाडी नंतर. "चला, बाहेर! बारसं नाहीये इथे!" म्हणत त्यांनी माझ्या आत्यालासुद्धा दाराबाहेर काढलं. आत्याला हलवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हाची गोष्ट. काही महिन्यांत तो काठीने चालू लागला, पण खाट बाहेरच्या खोलीतच राहिली. भेटायला येणाऱ्यांची सोय! वहिनी आत, आत्याजवळ निजायची. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. पुढे तर औषध घेईना, काठीही धरीना, म्हणून डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी वहिनीला थांबवलं, दादाला धरून बसवायला मला ठेवलं आणि मी आहे हे विसरलेच. जेवणाखाण्याचं विचारावं तसं विचारलं, "नवरा-बायको जवळ येता की नाही?"

मी फरशी बघू लागलो.

"लाज चपलांपाशी ठेवा! बोला."

वहिनी कशीबशी म्हणाली, "पुन्हा झटका आला तर? माझ्यामुळे?"

दादाचे शब्द अजून अडखळत. "मला वाटलं... तुला माझी किळस येते."

वहिनीला रडूच फुटलं.

"ब्लडप्रेशर ताब्यात आहे, परवापर्यंत जिना चढत होतात, मग भ्यायचं कशाला?" डॉक्टर म्हणाले. "लुळ्या हाताखाली उशी घ्या. घाई नको. छातीत दुखलं तर थांबा, मला बोलवा. नाही जमलं तर नुसते जवळ निजा." मग दार उघडून गरजले, "खाट आत घ्या! आत्याबाई, तुम्ही बाहेर झोपायचं. औषध आहे हे!"

"इश्श! कसलं मेलं औषध!" आत्या म्हणाली. पण अंथरूण तिनेच बाहेर आणलं.

मी थक्क झालो होतो. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. त्यांची बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो आणि विचारलं, "डॉक्टर, हे कुठल्या पुस्तकात असतं हो?"

"मी शिकलो त्यात नव्हतं." ते थांबले. "आमची ही अशीच पडली होती रे. काय चालतं, काय नाही, मोठ्या डॉक्टरांना विचारायची मला लाज वाटली. तिला जपायचं म्हणून मी दवाखान्यात झोपायला लागलो."

"मग?"

"जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, 'तुम्हाला माझी शिसारी येते, कळतं मला. राग नाही हो माझा.'"