तमालपत्राच्या पिवळ्या पानांचा तपास

"चोर माझ्यासमोर आला की त्याला आपोआप कापरं भरतं," असं आमच्या ह्यांचं स्वतःबद्दलचं मत आहे. चोर अजून समोर आलेला नाही, त्यामुळे पडताळणी बाकी आहे. बत्तीस वर्षं ह्यांनी दुकानांतली वजनं-मापं तपासली आणि खऱ्या मापांवर शिक्के मारले. निवृत्त झाल्यापासून घरात गुप्तहेर आहेत. मी मदतनीस, म्हणजे प्रत्येक निष्कर्षानंतर चहा करते.

हे प्रकरण मात्र गंभीर होतं. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नणंदेकडे गेल्या, तेव्हा कुंडीतलं तमालपत्राचं झाड लेकाच्या हवाली करून गेल्या. मामंजी गेल्यावर त्यांच्या खुर्चीच्या जागी, खिडकीशी, त्यांनी ते ठेवलं होतं. रोज सकाळी त्याच्याशी भांडायच्या. "परत येईन तेव्हा मला ते हिरवं दिसू दे," एवढंच म्हणाल्या. महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली, आणि रविवारी सासूबाई येणार होत्या.

"विषप्रयोग," हे भिंगातून बघत म्हणाले. "वरच्या मजल्यावरची गाण्याची बाई. झाड तिच्या रियाझाचं साक्षीदार आहे."

"तशी मीही आहे."

"तुझीही तब्येत उतरलीच आहे."

दुसऱ्या दिवशी संशय इस्त्रीवाल्यावर गेला, कारण त्याचा हात गरम असतो. तिसऱ्या दिवशी माझ्यावर. मागच्या आठवड्यात एक पान पातेल्यात टाकल्याचं मी कबूल केलं. माझी जबानी दीड तास चालली. त्यात पातेलं करपलं.

रविवारी सासूबाई काठी टेकत आल्या त्या थेट खिडकीशी. मातीत बोट खुपसलं.

"चिखल झालाय नुसता. पाणी जातं कुठं रे?"

"कुठंच नाही," हे छाती काढून म्हणाले. "आधी खालून गळायचं. आता एक थेंब जाईल तर शपथ."

वरची गाण्याची बाई नेमकी तेव्हाच गाता गाता थांबली.

"कुंडी आडवी कर," सासूबाई म्हणाल्या.

बुडाच्या भोकात लाख भरलेली होती. तिच्यावर ह्यांचा जुना शिक्का, तारखेसकट.

"बुडाला भोक असलेलं माप म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक," हे पुटपुटले.

मी पेचकस आणून लाख फोडली. काळं पाणी सरळ गुप्तहेरांच्या मोज्यांवर आलं.

सासूबाईंनी खोडाची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं. मग त्या लेकाकडे वळल्या.

"जगेल. तुझ्या हातून जगतंय म्हणजे चिवट आहे."

ह्यांनी वहीत नोंद केली: 'आरोपी घरचाच. पूर्वीचं वर्तन स्वच्छ.'

शिक्षा सासूबाईंनी सुनावली: माती बदलायची आणि महिनाभर रोज एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचं. हे निमूटपणे पुसतात. समोर बसून सासूबाई झाडाशी भांडतात, आणि हल्ली हे झाडाची बाजू घेतात.