सॉसच्या दोन बरण्या आणि एक वर केलेला हात

चाळीस वर्षं मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं, त्यामुळे सॉसची एक बरणी मला चकवेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सूनबाई गव्हाचा कण खात नाही. चुकून पोटात गेला, तर दोन दिवस अंथरूण धरते. शिवाय दूध, चीज, मध, प्राण्यांकडून आलेलं काहीच तिला चालत नाही, ते मात्र तिने स्वतः ठरवलेलं. महिनाभर बिचारी उकडलेल्या भाज्यांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिची बस चालवण्याची परीक्षा होती. म्हटलं, आदल्या संध्याकाळी तिला काहीतरी चमचमीत करून घालावं.

"तुम्ही करणार?" आमच्या हिने विचारलं.

"मी आणि भिंगरी."

भिंगरी म्हणजे माझी आठ वर्षांची नात. माझ्या स्वयंपाकघरात शाळेचेच नियम असतात: आधी निरीक्षण, मग नोंद, मग कृती. आणि बोलायचं असेल तर हात वर, नाव घेतलं की मगच बोलायचं.

मी मेक्सिकन पद्धतीचा सॉस आणला होता, गहू नसलेला आणि दूध-चीजही नसलेला. मुलानेही त्याच कंपनीचा दुसरा आणला होता, चीज आणि गव्हाचं पीठ घातलेला. काच सारखी, झाकण सारखं, आतला रंगही तोच लालभडक. फरक फक्त लेबलात.

"पुढच्या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही," मी भिंगरीला शिकवलं. "मागचं बारीक वाचायचं."

मागचं इतकं बारीक होतं की मुंगीलाही चष्मा लागला असता. त्यात बरणी गोल. म्हणून दोन्ही बरण्या कोमट पाण्यात बुडवल्या, लेबलं सोडवली, खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि भिंगातून शब्दन् शब्द वाचून काढला. धडा इतका रंगला की मी स्वतःवरच खूश झालो.

मग मागे वळलो. ओट्यावर दोन उघड्याबोडक्या बरण्या, जुळ्या भावांसारख्या.

"यातली आपली कुठली?" मी पुटपुटलो.

भिंगरीने हात वर केला.

"थांब बाळा, आधी मोठ्यांना विचार करू दे."

मी दोन्हींतला चमचा चमचा चाखला. पहिल्याने जीभ पेटली, दुसऱ्याने ती पेटल्याचंही कळेना. हिला बोलावलं. तिने चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "अहो, हे खायचं असतं की भांड्याचे डाग काढायचे असतात?"

मुलगा कामावरून आला. त्याने पावाचा तुकडा डावीकडच्या बरणीत बुडवला. "यात चीज आहे. नक्की."

"तुला सकाळी चहातपण चीज लागलं होतं," ही म्हणाली.

"आई, अजून एकदा बघू दे." असं म्हणत त्याने अर्धा पाव आणि जवळजवळ पूर्ण बरणी संपवली. निर्णय पक्का व्हायला हवा ना.

भिंगरीने आता डाव्या हाताने उजव्या हाताला टेकू दिला होता.

"पाणी प्यायचंय का? पी जा," मी म्हणालो. तिने मानेनेच नाही म्हटलं. हात वरच.

शेवटी मी मतदान घेतलं. तीन मतदारांच्या तिन्ही जिभा बधिर. तरी डावीकडच्या बरणीत चीज, असं दोन विरुद्ध एक ठरलं. उजवीकडचा सॉस मी बटाट्यांत आणि मक्यात ओतला. पातेलं नुसतं घमघमलं.

सूनबाई आली. वाढलेली ताटली पाहून तिचे डोळे भरले. "बाबा, माझ्यासाठी केलंत?" तिने घास उचलला आणि तोंडापाशी थांबली. "ही अशी हात वर करून का उभी आहे?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. "बोल, भिंगरी."

"आई, ते खाऊ नकोस. तुझ्या बरणीच्या बुडाला मी मेणखडूने टिंब काढलंय. मेणखडू पाण्यात जात नाही. आजोबांनीच शिकवलंय."

मी रिकामी बरणी उलटी केली. बूड कोरं. मुलाने आपली उचलून पाहिली. हिरवं, गोल, सुबक टिंब. आत सॉस बोटभर, त्यात पावाचे तुकडे तरंगत होते.

"अगं, मग आधी बोलायचं नाही का?" मी विचारलं.

"तुम्ही माझं नावच घेतलं नाहीत."

सूनबाईने दोन केळी खाल्ली, झोपली आणि सकाळी परीक्षा पास झाली. बटाटे आम्ही तिघांनी दोन दिवस पुरवून खाल्ले.

तेव्हापासून हिने नियम बदललाय. स्वयंपाकघरात भिंगरीने केव्हाही बोलावं, मी मात्र हात वर करायचा. आत्ताही तो वरच आहे. चहा मागायचाय, पण अजून कोणी माझं नाव घेतलेलं नाही.