भालचंद्ररावांचं घड्याळ मागं पडतं

भालचंद्ररावांची योजना इतकी बिनचूक होती की माशीला शिंकायलासुद्धा जागा नव्हती. निदान ते स्वतः तसं समजत होते.

ते खामगावच्या एका शाळेत हेडक्लार्क. गेले चार महिने रोज एकदा तरी त्यांच्या छातीत धडधड व्हायची, दरदरून घाम फुटायचा आणि आता आपण चाललो अशी पक्की खात्री व्हायची. तीनदा कार्डिओग्राम काढला. तिन्ही वेळा हृदय ठणठणीत. शेवटी डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक पत्रक काढून हातात दिलं. म्हणाले, "हिच्याकडे जा. तुमचं दुखणं छातीत नाही."

पत्रक त्यांनी शाळेच्या रेकॉर्ड रूममध्ये आतून कडी लावून वाचलं. हिमानी, समुपदेशक. जन्म जानेफळचा, वडील शेतकरी. शिक्षण नागपुरात, मग सहा वर्षं पुण्याच्या इस्पितळात काम, आणि आईजवळ राहायचं म्हणून दीड वर्षापूर्वी परत. कामाची पद्धत: आधी पूर्ण ऐकून घेते, विचारल्याशिवाय सल्ला देत नाही, इथं बोललेलं इथंच राहतं. आणि अगदी तळाशी, आवड: झाडं लावणे, कुस्त्या पाहणे, जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करणे.

घड्याळं वाचली आणि भालचंद्ररावांचा जीव भांड्यात पडला. कारण राखीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा हिवरा आश्रम या गावच्या किसनरावांचा. पसंती झाली होती, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची होती. अशा वेळी मुलीचा बाप डोक्याच्या बाईकडे जातो असं कर्णोपकर्णी झालं की संपलंच. पण मुलीचा बाप घड्याळ दुरुस्तीला नेतो, त्यात कोण काय बोलणार?

गुरुवारी अकराची वेळ घेतली, शाळेत रजा टाकली. बायको शारदाबाई बाजाराला गेल्या तसं त्यांनी सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि दार उघडलं. दारात किसनराव उभे.

कापसाचा भाव विचारायला गावात आले होते, म्हटलं व्याह्यांना भेटून जावं. भालचंद्ररावांनी घड्याळाची अडचण सांगितली. चादरीतून स्वच्छ टिकटिक येत होती.

"चालू तर हाय," किसनराव म्हणाले.

"मागं पडते. दिवसाले दोन मिनिटं."

"मंग चला, मी बी येतो. मले काय काम हाय आता."

नाही म्हणायला कारण सुचेना. वाटेत तीन ओळखीचे भेटले, तिघांनीही बोचक्याची चौकशी केली. तिसऱ्यापर्यंत पोचेतो घड्याळ दिवसाला अर्धा तास मागं पडू लागलं होतं.

हिमानीबाईंच्या दारावर सुदैवानं नुसतं नाव होतं. बाई तिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. बोलावलं होतं एकाला, आले दोघं. त्या काही विचारणार, तोच किसनरावांनी घड्याळ टेबलावर मांडून तक्रार सांगायला सुरुवात केली. त्यांच्या पाठीमागून भालचंद्ररावांनी हात जोडले. बाई समजल्या. आणि स्क्रू ड्रायव्हर काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो काही नाटकाचा नव्हता.

मागचं झाकण निघालं. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला टण्णकन स्प्रिंग उसळली, बाईंच्या चष्म्याला चाटून गेली आणि किसनरावांच्या टोपीत अडकली. चाकं घरंगळत टेबलाखाली गेली.

"बाई, येते ना तुमाले हे?" किसनरावांनी विचारलं.

"पत्रकात आवड लिहिली आहे, काका," बाई ओशाळून म्हणाल्या. "येतं असं नाही लिहिलं."

भालचंद्ररावांना आधी सासरे दिसले, मग शारदाबाई, मग मोडलेलं साक्षगंध. छातीत ढोल सुरू झाला. भिंती जवळ आल्या, श्वास कुठं ठेवला ते आठवेना, आणि ते खुर्चीवरून घसरत फरशीवर बसले. "अटॅक आला, गाडी आणा," असं किसनराव खिडकीतून रस्त्याला सांगू लागले.

"काका, खाली बसा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण किसनराव बसले.

मग त्या त्याच फरशीवर, चाकांच्या पसाऱ्यात, भालचंद्ररावांसमोर बसल्या. "तुम्ही मरत नाही आहात. हे येतं आणि जातं. पाय फरशीला टेकवा. आता दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगा मला."

"चाक," भालचंद्रराव कसेबसे म्हणाले. "दुसरं चाक. तुमचा चष्मा. व्याह्यांची टोपी. टोपीतली स्प्रिंग."

"आता ऐकू काय येतं?"

पंखा येत होता, रस्त्यावरचा भंगारवाला येत होता, आणि किसनरावांचा श्वास येत होता. तो तर भालचंद्ररावांपेक्षा जोरात चालला होता.

दहा मिनिटांनी ढोल थांबला. घाम वाळला, आणि उरली फक्त खरी गोष्ट. भालचंद्रराव फरशीकडे पाहून म्हणाले, "किसनराव, मी घड्याळासाठी नव्हतो आलो. मले हे रोज होते. घरी कोणाले सांगितलं नाही."

किसनरावांनी टोपीतली स्प्रिंग काढली, चाकं वेचून सगळं चादरीत बांधलं आणि "चला" म्हणाले. घरापर्यंत ते दोन पावलं पुढंच चालत राहिले. भालचंद्ररावांच्या हातातलं बोचकं पावलागणिक खुळखुळत होतं.

शारदाबाई परत आलेल्या होत्या. त्यांनी मोकळ्या भिंतीकडे पाहिलं, बोचक्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. किसनरावांनी बशीत ओतला, फुंकला, पण प्याले नाहीत.

"विहीणबाई, बसा. बोलायचं हाय."

भालचंद्ररावांनी घाईघाईनं पाच गोष्टी शोधल्या. तीनच सापडल्या.

"मले लपवाछपवी जमत नाही," किसनराव म्हणाले. "व्याह्यायले रोज छातीत जे धडधडते ना, ते मले बी होते. पोळ्यापासून. मी आपला पित्त समजून सोडा पिऊन राह्यलो." ते व्याह्यांकडे वळले. "भालचंद्रराव, गुरुवार तुम्ही ठेवा. शुक्रवार मी घेतो. दोन्ही व्याही एकाच दिवशी दिसलो, तर लोक काय म्हणतील?"

"आणि साक्षगंध?"

"त्याचा याच्याशी काय संबंध? होईन ना."

शारदाबाईंनी बोचकं मांडीवर घेऊन उघडलं, वडिलांच्या घड्याळाचं एक चाक उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"सोमवार तेवढा सोडा," त्या म्हणाल्या. "अकराची वेळ माझी हाय. दिवाळीपासून जाऊन राह्यली मी."

"काऊन? तुले काय झालं?" भालचंद्ररावांच्या तोंडून निघून गेलं.

शारदाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की किसनरावांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली आणि चपला शोधायला उठले.