साहेब घर बघायला येतात

सरकारी माणूस घर बघायला येणार म्हणजे घर आपलं वाटता कामा नये, असं शिरीषने सोमवारीच ठरवून टाकलं.

सिडनीपासून सहा तासांवर, गव्हाच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात तो शायर कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या तालुका पंचायतीत, कारकून होता. साल अठ्ठ्याहत्तर. तो राहत असलेलं भाड्याचं लाकडी घर मालकाने विकायला काढलं होतं. गावाकडच्या लोकांसाठी सरकारी हमीचं कर्ज निघालं होतं. ते मिळालं तर हेच घर त्याचं होणार होतं, नाही मिळालं तर सिडनीच्या टोकाला ब्लॅकटाउनमध्ये मेहुण्याच्या गॅरेजमध्ये संसार मांडायचा होता. मधुवंतीने परसात चार वर्षं खपून एक कढीपत्ता जगवला होता. तो सोडून जायचं नुसतं मनात आलं तरी ती उठून त्याला पाणी घालून यायची.

अर्ज शिरीषनेच भरला. (दिवसभर दुसऱ्यांकडून फॉर्म भरून घेणारा माणूस फॉर्मची मागची बाजू कशाला वाचेल?) कर्ज म्हटलं की ऐपत दाखवायची, एवढं त्याला पुण्यापासून ठाऊक होतं.

"अहो, आहे तसं दाखवू या ना," मधुवंती म्हणाली.

"आहे तसं बघून कोणी कर्ज देतं का?" शिरीषने तिला गप्प केलं.

बुधवारी सकाळपासून घरात सामान येऊ लागलं. शेजारच्या केव्हने रंगीत टीव्ही आणून दिला आणि कशासाठी हवाय हेही विचारलं नाही. समोरच्या मिसेस होगननी चांदीचा टी-सेट दिला. पबच्या मालकाने कातडी सोफा ट्रकमधून पाठवला. गावातले एकुलते एक मराठी डॉक्टर हेमचंद्र यांनी कुरकुरत का होईना, आपली नवी गाडी दारात उभी केली आणि ते दवाखान्यात चालत गेले.

दुपारी मिस्टर डॉयल आले. पन्नाशीचा, घामेजलेला, शांत माणूस. सोफ्यावर बसताना ते जरा दचकलेच. त्यांनी विचारलं, गाडी तुमची का? शिरीष हो म्हणाला. टीव्ही? तोही. चांदी? ती तर घराण्यातली, असं शिरीषने न विचारताच सांगून टाकलं. साहेब प्रत्येक उत्तराला फॉर्मवर काहीतरी लिहीत होते आणि त्यांचा चेहरा अधिकाधिक उदास होत होता. शिरीषला वाटलं, माणूस दिपला.

चहा ठेवताना मधुवंतीची नजर टेबलावरच्या, अर्जासोबत आलेल्या माहितीपत्रकाकडे गेली. तिने ते उचललं आणि उभ्यानेच वाचलं. बेताचं उत्पन्न असलेल्या, स्वतःची मालमत्ता नसलेल्या कुटुंबांसाठी, असं त्यात मागच्या बाजूला स्वच्छ छापलं होतं.

"मिस्टर डॉयल," ती म्हणाली. "यातलं काहीही आमचं नाही. टीव्ही केव्हचा आहे, चांदी मिसेस होगनची. सोफा पबचा आणि गाडी डॉक्टरांची."

शिरीषला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग त्यांनी विचारलं, "आणि हा सूट?"

"डॉक्टरांचा," शिरीष जमिनीकडे बघत म्हणाला.

"बूट?"

"तेही."

डॉयलसाहेबांनी लिहिलेला कागद टराटरा फाडला आणि नवा घेतला. या नोकरीत त्यांना बावीस वर्षं झाली होती. दुष्काळातले शेतकरी, टपऱ्यांत राहणारी कुटुंबं, सगळं त्यांनी पाहिलं होतं. "पण मेट," ते सही करत म्हणाले, "इतका पात्र माणूस मी आजवर पाहिला नाही. कर्ज मिळेल. नो वरीज."

त्यांना फाटकापर्यंत पोचवून शिरीष परतला तो छाती काढूनच. मॅट्रिकपासून आजवर कुठल्याच साहेबाने त्याला एवढं पूर्ण पात्र ठरवलं नव्हतं. मधुवंती त्या कातडी सोफ्यावर बसून रडत होती आणि हसतही होती. घर राहिलं होतं. तो शेजारी बसला तेव्हा तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"अहो, एक विचारू? मला बघायला आलात तेव्हा हातात ते सोन्याचं घड्याळ होतं..."

शिरीषने खूप वेळ बुटांच्या नाड्या सोडल्या.

"मामांचं," तो म्हणाला.