मन मोकळं करायची गुहा

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचं सगळं बरं चाललं होतं. म्हणजे, कोणी विचारलं तर.

"काय, कसं काय?" असं सशाने विचारलं की साळिंदर म्हणायचं, "बरंय." साळिंदराने उलट विचारलं की ससा म्हणायचा, "आपलं चाललंय." मग दोघं आपापल्या बिळात जायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

त्या जंगलात ऋजुता नावाची एक तरुण शेकरू होती. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ऋजुता भारी हुशार. सात डोंगर ओलांडून ती देवदारांच्या जंगलात शिकायला गेली होती. तिथल्या एका विद्वान घुबडबाईंकडे राहून तिने मन मोकळं करण्याचं शास्त्र शिकून घेतलं, आणि परत आली ती अगदी पेटून.

"पायात काटा गेला तर आपण माकडाकडे जातो," ती आल्या दिवशीच आईला म्हणाली. "मनात गेला तर कोणाकडे जायचं? आई, या अख्ख्या जंगलात निवांत बसून रडता येईल अशी एक जागा नाही!"

"रडायला जागा कशाला लागते?" आई शेंगदाणा सोलत म्हणाली. "मी तुझ्या बाबांकडे बघून कुठेही रडते."

पण ऋजुता ऐकणाऱ्यातली नव्हती. तिने ओढ्याकाठची एक गुहा घेतली आणि कामाला लागली.

गुहा कशी केली म्हणून सांगू! टोकदार दगड घासून गोल केले, कारण टोकं दिसली की मन आक्रसतं. भिंतींना निळसर माती सारवली, कारण लाल रंगाने राग येतो. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून छताच्या भोकावर पातळ पानं अंथरली. बसायला सावरीच्या कापसाच्या दोन गाद्या केल्या, आणि त्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या मांडल्या. नजरेला नजर भिडली की जीभ अडखळते, असं घुबडबाई सांगायच्या. डोळे पुसायला जवळच मऊ पानांचा गठ्ठा. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दाराला वेलींचा दाट पडदा.

आणि एका कोपऱ्यात पाण्याचं मडकं. त्यात भोक पाडलेली करवंटी तरंगायची. करवंटी भरून बुडाली की एक बैठक संपली. घुबडबाईंचा नियम कडक होता. करवंटी बुडाल्यावर कोणी काही बोललं, तर ते धरायचं नाही. "दारातलं बोलणं दारातच सोडायचं," असं त्या डोळे मोठे करून सांगायच्या.

दारावर पाटी लागली : या. बसा. मोकळे व्हा.

पहिल्या दिवशी टिटवी आली. तिला सगळे यमुनामावशी म्हणायचे.

"मला काही झालेलं नाही हं," ती दारातूनच म्हणाली. "नुसती बघायला आले."

"या ना, मावशी! बसा."

यमुनामावशी बसली. गादीत इतकी बुडाली की नुसती चोच वर दिसायला लागली.

"मग, मावशी, कसं चाललंय?" घुबडबाईंनी शिकवल्याप्रमाणे ऋजुताने मान जराशी कलती केली.

"बरंय की. कापूस कुठला गं हा?"

"सावरीचा. आणि मन कसं आहे?"

"मन छान आहे. पडदा तूच विणलास? आमच्या सुनेला सांगायला हवं. तिला चार काड्या नीट ठेवता येत नाहीत."

अशी सगळी करवंटी गेली. बुडाली, बुड् बुड्. यमुनामावशी उठली, पंख झटकले, "येते हं," म्हणाली, आणि उंबऱ्यावर एक पाय बाहेर ठेवून थांबली.

"खरं सांगू का, ऋजुता," ती हळूच म्हणाली, "मी पाय वर करून झोपते ना, लोक हसतात त्याला. आभाळ पडेल म्हणून धरून ठेवते म्हणे. हसू देत. पण गेले पंधरा दिवस मला खरंच वाटतं गं, ते पडणार म्हणून. आणि आमच्याकडे ते धरणारी मी एकटीच."

ऋजुताला तिला तिथेच बोलू द्यावंसं वाटलं. पण करवंटी बुडाली होती.

"मावशी, हे फार महत्त्वाचं आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "पुढच्या वेळी आत बसून बोलू या."

पुढच्या वेळी यमुनामावशी आत बसली आणि म्हणाली, "बरंय की."

ऋजुताला वाटलं, गादीत काही चुकलं असेल. तिने कापूस वाढवला.

साळिंदर आलं. आत त्याने हवापाण्यावर भाषण दिलं, आणि जाताना दारात सांगितलं की आपल्याला कधी कोणी मिठी मारलेली नाही. ऋजुताला वाटलं, उजेड चुकला असेल. तिने छतावर आणखी पानं घातली. ससा आला, तोही तसाच गेला. मग तिने भिंती पुन्हा सारवल्या, आणखी फिक्या.

"अगं, किती मऊ करशील?" आई म्हणाली. "उद्या आत आलेला सापडायचा नाही."

एवढ्यात मोठं प्रकरण उभं राहिलं. ते होतं सोपानकाकांचं.

सोपानकाका म्हणजे भेकर. छोटंसं हरीण, पण आवाज असा की टेकडी दणाणावी. बिबट्याची चाहूल लागली की "भॉक! भॉक!" ओरडायचं आणि सगळ्यांना पळवायचं, हे काम त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण गेल्या वर्षी रानडुकराच्या मुलीच्या लग्नात, ऐन पंगतीत, सोपानकाका ओरडले. सगळे पानांवरून उठून पळाले. मठ्ठा सांडला, नवरदेव चिखलात पडला. आणि बघतात तर काय, बिबट्या नव्हताच. वाळकं झुडूप होतं!

जंगल सहा महिने हसलं. सोपानकाका दिसले की कोणीतरी म्हणायचं, "काका, जपून! पलीकडे करवंदी उभी आहे."

तेव्हापासून काकांचा आवाज गेला. तोंड उघडायचे, घसा हलायचा, पण आवाज फुटायचा नाही. आणि आता पलीकडच्या टेकडीवर खरोखरचा बिबट्या आला होता. दोनदा दिसला. दोन्ही वेळा काका नुसते उभे राहिले. एकदा तर सशाची शेपटी थोडक्यात वाचली.

सरपंच होते हैबतराव. खांदे पर्वताएवढे असलेला गवा. ते ऋजुताच्या दारात आले, पण आत काही आले नाहीत.

"तुझ्या त्या शास्त्राने काकांचा आवाज येतो का बघ," ते म्हणाले. "पळस फुलेपर्यंत वाट बघतो. नाहीतर पहाऱ्याचं काम मोराला द्यावं लागेल."

"मोराला? सरपंच, तो आधी पिसारा फुलवेल, मग ओरडेल!"

"म्हणून तर तुझ्याकडे आलोय," हैबतराव म्हणाले. "नाहीतर मला असल्या गोष्टींची गरज पडत नाही."

सोपानकाका आले. गादीच्या अगदी कडेला टेकले, अर्धे हवेत.

"नीट बसा ना, काका."

"नको, नको. खुरांना माती आहे. एवढी पांढरी गादी…"

"मळली तर मळली. काय वाटतंय, सांगा."

"बरं वाटतंय," काका म्हणाले. "छान गार आहे इथे."

दुसऱ्या बैठकीतही बरं वाटलं. तिसऱ्या बैठकीत इतकं बरं वाटलं की काकांना डुलकी लागली. करवंटी बुडाली तसे ते दचकून उठले, माफी मागितली, गादीवर पडलेला खळगा पायाने सारखा केला, आणि "बरं, येतो," म्हणून उंबऱ्यापाशी गेले. एक खूर बाहेर, तीन आत.

बाहेर पळसाला पहिल्या कळ्या धरल्या होत्या. आता आणखी एका बैठकीपुरताही वेळ उरला नव्हता.

"तसं बघितलं तर, ऋजुता," काका बाहेर बघत म्हणाले, "ते झुडूपच होतं. पण वारा नसताना हललं होतं गं."

वेळ संपली, असं ऋजुता म्हणणार होती. शब्द ओठांवर आले होते. घुबडबाईंचे मोठे डोळे तिच्यासमोर उभे राहिले. मग तिला काकांचा कान दिसला. तो थरथरत होता.

तिने तोंड मिटलं, पडदा हातात धरला आणि उभी राहिली.

आणि काका बोलले! अहो, किती बोलले! दीड करवंटी झाली तरी एक खूर बाहेर आणि तीन आत. वडिलांचा आवाज कसा होता, ते सांगितलं. नवरदेव चिखलात पडला, तेव्हा पहिलं हसू आपल्याच धाकट्या भावाचं होतं, ते सांगितलं. "आता तोंड उघडलं की आधी ते हसूच ऐकू येतं," ते म्हणाले. "पुन्हा ओरडलो आणि पुन्हा झुडूप निघालं तर?"

"तर काय होईल, काका?"

"हसतील."

"कोण कोण हसेल?"

"सगळेच. ससा, साळिंदर, यमुना, माझा भाऊ…" काका थांबले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे सगळे बिबट्यापासून वाचले असतील तर."

ऋजुताने पडदा आणखी बाजूला धरला. काकांनी पाय उचलला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी दणाणली. "भॉक! भॉक!"

सगळे धावत सुटले. ऋजुता झाडाच्या शेंड्यावर चढली आणि तिथून बघितलं. खाली झुडूप होतं. नुसतं झुडूप!

जंगल पोट धरून हसलं. ऋजुताने मात्र काकांकडे बघितलं. सोपानकाका मान वर करून एकेकाचं तोंड बघत होते. ससा हसतोय. साळिंदर हसतंय. यमुना, भाऊ, भावाची पोरं. कोणी कमी नव्हतं. काकांनी समाधानाने एक ढेकर दिली आणि पुन्हा पहाऱ्याला लागले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा ओरडले. सगळे हसत हसत पळाले. त्या दिवशी झुडपामागे बिबट्या होता. तो उपाशी परत गेला. पहाऱ्याचं काम सोपानकाकांकडेच राहिलं, आणि मोराने "मला तसंही नको होतं" असं सगळ्यांना सांगितलं.

आता खरा शहाणपणा ऋजुताला कळला होता. बोलणं दारात होतं! तिने लगेच गुहेतल्या गाद्या दारात आणल्या. उंबरा रुंद केला, त्यावर सावलीला छप्पर घातलं, दोन्ही खांबांना निळसर माती सारवली, पानांचा गठ्ठा ठेवला. पाटी बदलली : दारात बसा. मोकळे व्हा.

उद्घाटनाला हैबतराव सरपंच स्वतः आले. उंबऱ्यावरच्या गादीवर आपला देह त्यांनी अलगद सोडला.

"उत्तम," ते म्हणाले. "फार सुंदर सोय केलीस."

"सरपंच, आणि तुमचं कसं चाललंय?"

"माझं? बरंय की." मग त्यांनी पावसाबद्दल, गवताबद्दल आणि पंचायतीच्या पुढच्या योजनांबद्दल अख्खी करवंटीभर माहिती दिली. उठले, "चला, येतो," म्हणाले, आणि वाटेला लागले.

ऋजुता मटकन गादीवर बसली.

वाट जांभळीपाशी वळते. तिथे कसलंही छप्पर नाही. बसायला धड एक दगडही नाही. हैबतराव तिथे थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, घसा खाकरला.

"ऋजुता, जरा येतेस?" त्यांनी हाक मारली. "तसं विशेष काही नाही. माझ्या ओळखीचा एक गवा आहे. दिसायला चांगला दांडगा आहे. पण त्याला हल्ली कळपात उभं राहिलं की उगीचच रडू येतं. तर अशा वेळी त्याने, म्हणजे त्या गव्याने, काय करावं?"

ऋजुता गादीवरून उठली आणि धावत सुटली.

तात्पर्य : पाहुण्याला "या, बसा" म्हणणं हा त्याचं तोंड बंद करण्याचा सर्वांत सभ्य उपाय आहे. कोणाचं मन मोकळं व्हावं असं मनापासून वाटत असेल, तर त्याला खुशाल घालवून द्यावं. फक्त दार लावायची घाई करू नये.